नानांनी सांगितलेले सहा आकडे

आमच्या घरी कुणी आलं की आधी कॉम्प्युटर बोलतो. ‘या, बसा’ म्हणतो. जरा वेळानं ‘चहा ठेव’ म्हणतो, आणि आतून मी ओरडते, ‘ठेवलाय, ठेवलाय.’ पहिल्यांदा येणारा माणूस दचकतोच. आवाज खणखणीत पुरुषाचा, आणि समोर खुर्चीत बसलेल्या पुरुषाचे ओठ मिटलेले. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, बोट कीबोर्डवर. ते आमचे हे.

हे एसटीत कंडक्टर होते. जळगाव-धुळे, धुळे-जळगाव, अख्खी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. एरंडोलच्या स्टँडवर हे ‘चला पारोळा, धुळे’ ओरडले की टपरीवरचा माणूस अर्धा चहा टाकून पळत यायचा. घरीही तीच पट्टी. मी म्हणायची, अहो, मी काय मागच्या सीटवर बसलेय का? त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, म्हणजे बोलणं? डॉक्टर कागदाकडं बघत म्हणाले, जीव वाचेल.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. त्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, रोज लागणारी वाक्यं आत्ताच बोलून ठेवा, नंतर तीच वापरता येतील. मी कॅलेंडरच्या पाठीमागं यादी केली. या, बसा. चहा ठेव. दुखतंय. कोण आहे? राहू दे. औषध झालं. गावाकडच्या माणसांसाठी अहिराणीतली वेगळी : ‘कसं काय शे भाऊ?’, ‘बठा ना.’ हे रोज सकाळी माईकपुढं बसायचे आणि एकेक वाक्य बोलायचे. मी मागं उभी राहून चुका काढायची. ‘दुखतंय’ हे असं हसत काय म्हणता, असं म्हणून मी ते चार वेळा बोलायला लावलं होतं. ते आठवलं की अजून मला माझाच राग येतो.

बाजारातल्या ज्या दुकानदारानं आम्हाला कॉम्प्युटर दिला, त्यानंच एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. एक बटण दाबलं की एक वाक्य. बटणांवर मी कागदाचे तुकडे चिकटवले. तसा तो लॅपटॉपच, पण बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं समोरच्या खोलीत टेबलावर कायमचा वायर लावून ठेवलेला. स्पीकर वेगळे. ह्यांना मोबाईलवर टाईप करायचा कंटाळा, बोटं जाड आहेत म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीत, पाटीवर लिहितात. शाळेची काळी पाटी आणि पेन्सिल, तेवढंच त्यांना आवडतं. पण पाटीला आवाज नसतो. ह्यांचा आवाज जो काही आहे तो त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दुसरीकडं कुठंही नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मी काय करून बसले होते ते कळायला हवं.

मागच्या ऑक्टोबरात, दसरा होऊन गेल्यावर, पडद्यावर रोज एक सूचना यायला लागली. तुमच्या सिस्टीमचा आधार अमुक तारखेला संपतोय, नवी सिस्टीम घ्या. मी ते वाचलं आणि तारीख कॅलेंडरवर बघितली. आमच्याकडं रिचार्जची तारीख संपली की मोबाईल बंद पडतो. डिशचे पैसे संपले की टीव्ही काळा होतो. मग सिस्टीमची तारीख संपली की काय होणार? मला वाटलं, त्या दिवशी सकाळी हे बटण दाबणार आणि काहीच वाजणार नाही.

मुलगा परदेशात असतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आई, काही बंद पडत नाही. मी दिवाळीत येतो, मी करतो. तोवर तू हात लावू नकोस.’ तोवर म्हणजे किती? मधे ती तारीख येऊन जात होती. आणि ‘हात लावू नकोस’ असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बत्तीस वर्षं संसार केला, दोन मजली घर उभं केलं, कुकरची शिटीसुद्धा मीच दुरुस्त करते, आणि हा मला हात लावू नकोस म्हणतो. तरी खरं सांगते, राग हा वरवरचा होता. आत नुसती भीती होती. रोज सूचना दिसायची, रोज एक दिवस कमी व्हायचा, आणि हे शांतपणे ती सूचना बाजूला सारून ‘चहा ठेव’ दाबायचे.

मग संधी आली. भडगावजवळच्या गावी माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, राहतात. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो, आम्हीही. नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला नरडाण्याला गेलेल्या, कापूस वेचायला आलेला, घरात नाना एकटे. हे म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहिलं, ‘दोन दिवस जाऊन येतो.’ मी डबा दिला, गळ्याची फडकी दिली, आणि सकाळच्या गाडीत बसवून आले. घरी येऊन हात धुतले, देवाला दिवा लावला आणि कॉम्प्युटरपुढं बसले. हे परत येईस्तोवर नवी सिस्टीम तयार असेल, ह्यांना कळणारही नाही, असा माझा बेत होता.

सुरुवात सोपी होती. ‘आत्ता घ्या’ असं बटण होतं, ते दाबलं. कुठल्याशा अटी मान्य आहेत का विचारलं, मी न वाचता मान्य केल्या. मग टक्के सुरू झाले. सात टक्क्यांवर तो अर्धा तास अडकला. मी पोळ्या करून आले तरी सात. पंखा असा घरघरत होता की टेबल हलत होतं. कॉम्प्युटर बंद करू नका, असं लिहिलेलं होतं, आणि आमच्याकडं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, बॅटरी तर मेलेली. हे डोक्यात आलं ते आत्ता. आधी का नाही आलं डोक्यात? मी मिक्सर लावला नाही, पाण्याची मोटर लावली नाही, फ्रीजसुद्धा बंद केला. लाइटवर भार नको म्हणून. त्याचा काही उपयोग नसतो हे मला आता कळतं. तेव्हा मी पंखा न लावता घामानं निथळत बसले होते.

लाइट गेली नाही. दुपारी दीडच्या सुमाराला शंभर टक्के झाले. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, आपणहून चालू झाला. मी पदरानं तोंड पुसलं. आणि पडदा निळा झाला.

निळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. मी बारावीपर्यंत शिकलेय, मला वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की ही डिस्क कुलूपबंद आहे, ती उघडायची असेल तर रिकव्हरी की टाका. खाली चौकट. आठ गट, प्रत्येक गटात सहा आकडे. अठ्ठेचाळीस आकडे. मला हे कुलूप कुणी लावलं तेच माहीत नव्हतं, तर किल्ली कुठून आणणार? मी कॉम्प्युटर बंद करून परत लावला. निळा. परत बंद केला. परत निळा. तिसऱ्यांदाही निळा.

मी मोठ्यानं म्हणाले, ‘काय करून बसले मी.’ घरात कुणी नव्हतं.

मग आठवलं, पेन ड्राइव्ह. दुकानदारानं तेव्हाच सगळी वाक्यं एका पेन ड्राइव्हवर काढून दिली होती. जपून ठेवा म्हणाला होता. मी ती कुठं ठेवली असेल? देव्हाऱ्यात. अन्नपूर्णेच्या मागं, चांदीच्या नाण्याशेजारी. घरातली सगळ्यात जपायची जागा तीच ना. मी धावत गेले, काढली, आणि उजेडात धरून बघितली. दर खंडेनवमीला मी घरातल्या हत्यारांची पूजा करते. विळी, शिलाई मशीन, ह्यांचं तिकिटाचं जुनं पंच, आणि ही पेन ड्राइव्ह. ह्यांचा आवाज आहे म्हणून हिला सगळ्यात जास्त हळद-कुंकू, तेही ओलं करून, वर अक्षता, वर पळीभर पाणी. बरोब्बर तिच्या उघड्या तोंडात. कुंकू आत जाऊन दगडासारखं बसलं होतं, पत्र्याला हिरवा गंज चढला होता. मी टाचणीनं कोरलं. फुंकलं. शेजारच्या टीव्हीला लावून बघितली, टीव्हीनं दखलही घेतली नाही. मी इतक्या भक्तीनं मारली होती तिला.

आता दुसरी प्रत कुठंच नव्हती. जे होतं ते त्या निळ्या पडद्याच्या मागं.

दुकानदाराला फोन लावला. मी कोण ते त्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. तो म्हणाला, ‘काकू, घाबरू नका. किल्ली तुमच्या खात्यात असते. कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी खातं उघडून दिलं होतं ना, त्यात.’

‘मग काढ ना ती.’

‘मला नाही निघणार. खातं ज्या मोबाईल नंबरवर आहे, त्यावर सहा आकडे जातील. ते टाकले की खातं उघडेल. तुमच्या मोबाईलवर मी सांगतो ते पान उघडा, बाकी सोपं आहे. नंबर कुणाचा दिला होता?’

मी डोळे मिटले. मला तो दिवस लख्ख आठवला. दुकानात त्यानं विचारलं होतं, घरातला नंबर सांगा, आणि ह्यांनी क्षणाचाही विचार न करता नानांचा नंबर सांगितला होता. आमच्याकडं तसंच आहे. गॅसचं पुस्तक, रेशन कार्ड, मुलाच्या शाळेचा फॉर्म, विमा, कशावरही नंबर विचारला की नानांचा. घरातला मोठा माणूस नाना, मग नंबर त्यांचाच. जळगावला येऊन बत्तीस वर्षं झाली तरी आमच्या कागदांवर आम्ही अजून नानांच्याच घरात राहतो.

मी विचारलं, ‘आणि ते आकडे नाही मिळाले तर?’

‘मग डिस्क पुसून सगळं नवं टाकावं लागेल.’

‘आणि आतलं?’

‘आतलं जाईल, काकू.’

तो तसा वाईट माणूस नाही. पण हे तो अगदी सहजपणे बोलला. ‘आतलं जाईल.’ आत माझा नवरा बोलत होता.

आता सांगायला हवं की मी नानांशी बोलत नाही. भांडण नाही काही. देवमाणूस आहे. पण धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही, ही आमच्या घरातली रीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं : नाना समोर आले की पदर घ्यायचा आणि आत जायचं. ती सवय अंगात मुरली. नानांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडं बघून ह्यांना म्हणायचे, ‘धाकल्या, घरमा सांग, भाजीमा मीठ कमी शे.’ मी दाराआड दोन हातांवर उभी असायची. मला ऐकू यायचं, तरी हे तेच वाक्य मला परत सांगायचे. मग मी ह्यांना सांगायची आणि हे नानांना. मला काय हसू यायचं तेव्हा. ह्यांचा आवाज गेला तसं ते बोलणंही थांबलं. पाटीवर कोण निरोप लिहीत बसणार? जाऊबाई असल्या की त्यांच्यामार्फत एखादा शब्द. नाहीतर काही नाही. बत्तीस वर्षांत मी नानांना कधी हाकही मारली नव्हती.

आणि आता मला त्यांना फोन करायचा होता. जाऊबाई घरी नाहीत. हे तिथंच त्यांच्याशेजारी बसलेले असणार. मी काय बोलू? नाना काय समजतील? ‘धाकलीचा फोन आला,’ असं म्हणून ते मोबाईल ह्यांच्या कानाला लावतील, आणि ह्यांना कळेल. ह्यांना कळलं की त्यांचा आवाज मी माझ्या आगाऊपणानं घालवला, तर ते काय करतील? ओरडणारही नाहीत. ओरडता येत नाही त्यांना. नुसते माझ्याकडं बघतील. मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

साडेतीनपासून पाचपर्यंत मी मोबाईल हातात घेऊन घरात फेऱ्या मारल्या. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. एकदा वाटलं, मुलाला सांगावं, तो नानांना फोन करेल. पण तिकडं तो कामावर, आणि तो आधी मला झापणार, मग बापाला सांगणार. नको. पाच वाजता मी दुकानदारानं सांगितलेलं पान मोबाईलवर उघडलं, नानांचा नंबर टाकला, आणि ‘आकडे पाठवा’ दाबलं. आता मागं फिरता येणार नव्हतं. ते आकडे दहा मिनिटंच चालतात म्हणाला होता. मी घरातल्या लँडलाइनवरून नानांना फोन लावला. आणि डोक्यावर पदर घेतला. एकटी घरात, फोनवर, आणि पदर घेतला. कुणी बघितलं असतं तर वेड लागलंय म्हणालं असतं.

‘हॅलो. कोन बोलस?’ नाना.

मी पदर आणखी पुढं ओढला.

‘कोन शे?’

‘मी,’ मी म्हणाले. ‘जळगावहून.’

पलीकडं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. नानांना कळलं असावं. ते खाकरले आणि म्हणाले, ‘बोल बाई.’

मी भरभर बोलत सुटले. कॉम्प्युटर अडकलाय, तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आलेत, तेवढे सांगा, आणि ह्यांना सांगू नका. हे कुठं आहेत?

‘तो वावरमा गयेल शे,’ नाना म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकले. मग बराच वेळ खुडबुड ऐकू आली. आवाज एकदम पोकळ झाला, मोबाईल स्पीकरवर टाकला असावा. मी घड्याळाकडं बघत होते. चार मिनिटं गेली होती.

‘चार,’ नाना म्हणाले.

मी लिहिलं.

‘सात.’

लिहिलं.

‘शून्य.’

लिहिलं. आणि पुढं काही येईना. मी वाट बघितली. घंटा वाजत होती, म्हणजे फोन चालू होता. ‘हॅलो,’ मी म्हणाले. काही नाही. सहा मिनिटं झाली. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. काय झालं? पडदा काळा झाला का? मेसेज पुसला गेला का? मला जोरात रडू आलं आणि रीतभात काही राहिलीच नाही. ‘नाना,’ मी म्हणाले, ‘नाना, सांगा ना हो. ह्यांचा आवाज आहे त्यात. सगळा आवाज आहे. मी बिघडवलाय. मला भीती वाटतेय नाना, सांगा ना.’

मग नाना हळूच म्हणाले, ‘दोन.’ मग, ‘नऊ.’ मग, ‘दोन. झाये वं बाई. रडू नको.’

मी फोन नीट ठेवलासुद्धा नाही. आकडे टाकले. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि खातं उघडलं. दुकानदारानं सांगितलेल्या जागी गेले, तिथं ती किल्ली होती. अठ्ठेचाळीस आकडे. मी ते वहीत उतरवले, दोनदा ताडून बघितले, मग एकेक करून निळ्या पडद्यावर टाकले. चुकीची आहे म्हणाला. पाचव्या गटात तीनऐवजी आठ दाबला होता. परत टाकले. या वेळी पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी देव आठवले नाहीत, काही आठवलं नाही. नुसती बघत होते. मग अक्षरं आली : थोडं थांबा, तुमच्यासाठी सगळं तयार करतोय. मी म्हणाले, कर बाबा.

उघडलं तेव्हा सगळं वेगळं होतं. बटणं खाली मधोमध येऊन बसलेली, रंग निराळे. ह्यांचा प्रोग्राम मात्र कोपऱ्यात होता. तो उघडायला गेले तर विचारलं, हा कुणाचा आहे माहीत नाही, तरी चालवू का? चालव. मी ‘या, बसा’चं बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. त्या क्षणाचं मी काय सांगू? दुसरं दाबलं. नाही. तिसरं. मग माझं लक्ष स्पीकरच्या खुणेकडं गेलं, त्यावर काट होती. नव्या सिस्टीमनं आवाज बंद करून ठेवला होता. तो चालू केला, परत बटण दाबलं, आणि रिकाम्या खोलीत हे म्हणाले, ‘या, बसा.’

मी बसले. जमिनीवरच. बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. पाय धुतले, खुर्चीत बसले. नेहमी बसल्याबसल्या त्यांचं बोट ‘चहा ठेव’कडं जातं. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. बटण काही वाजेना. मी बाहेर आले तर हे हाताची घडी घालून नव्या पडद्याकडं बघत होते. म्हटलं, आता हे विचारणार. मी आपली काहीतरी विषय काढायचा म्हणून विचारलं, ‘नानांचा डोळा कसा आहे?’

ह्यांनी पाटी घेतली. ‘पट्टी आज सकाळी काढली.’

मी बरं म्हणाले आणि आत वळले. आणि दारातच थांबले. नानांचा एक डोळा कित्येक वर्षांपासून अधू आहे, त्यातून धड दिसत नाही. दुसऱ्यावर काल पट्टी होती. मग मला आकडे कुणी वाचून सांगितले?

मी मागं वळले. पाटी पुसून ह्यांनी लिहिलं, ‘मी. बोटांनी. नानांच्या तळहातावर.’

‘तुम्ही वावरात होता ना?’

‘मीच नानांना तसं सांगायला लावलं. त्यांच्या फोनमधून तुझं बोलणं बाहेर ऐकू येत होतं.’

मग मला जे ऐकायचं नव्हतं ते मीच विचारलं. ‘मधे का थांबलात? शून्यानंतर? माझा जीव गेला होता तिथं.’

ह्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलं. मग बारीक अक्षरांत लिहिलं, ‘म्हटलं, जाऊ दे. त्यातल्या जुन्या माणसाला रोज ऐकतो. त्याला माहीत नाही पुढं काय होणार ते. हसत बोलतो. मला त्याची भीती वाटते.’

मी त्यांच्यासमोर बसले. ‘मग इतकी वर्षं बटणं कशाला दाबत होता?’

‘तुला आवडतं म्हणून.’

मला आवडतं. मी, जी रोज आतून ‘ठेवलाय, ठेवलाय’ म्हणून ओरडत होते, ती त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांना वाटावं की घरात अजून त्यांचा आवाज चालतो.

‘मग पुढचे तीन आकडे का दिले?’ मी विचारलं.

ह्यांनी पाटी पुसली. फडक्यानं नाही, तळहातानं. ‘तू नानांना हाक मारलीस,’ त्यांनी लिहिलं. मग त्याखाली, ‘तुला एवढं घाबरलेलं कधी ऐकलं नव्हतं.’

त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. मी ती हातातून घेतली, पुसली, आणि पेन्सिल उचलली. मला बोलता येत होतं. तरी मी पेन्सिल धरून तशीच बसून राहिले.